मैत्रिणींबरोबर लोकर खरेदीला जाताना

अमेरिकेत मे महिन्यात मेरीलँडला आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ऱ्हाइनबेकला मेंढ्यांची आणि लोकरीची मोठी जत्रा भरते. विणणारी माणसं तिथे गटागटाने जातात. ठाणे-नवी मुंबईकरांना त्याच्या सर्वांत जवळ जाणारा आनंद मिळतो तो बेलापूरच्या अर्बन हाटात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने दिल्ली हाटच्या धर्तीवर उभारलेल्या या हाटात ठिकठिकाणचे विणकर आणि कारागीर आपला माल घेऊन येतात. वाशी स्टेशनजवळच्या सिडको प्रदर्शन केंद्रातही हातमाग-हस्तकलेची प्रदर्शनं लागतात. विणणाऱ्या तिघी-चौघींनी मिळून तिथे जावं असं मला मनापासून वाटतं, कारण लोकर एकटीने घेतली की रंगाला भुलायला होतं. शेजारी मैत्रीण उभी असली की ती विचारते, "याचं करणार काय?"

या प्रश्नाचं उत्तर घरीच ठरवावं. काय विणायचं, कोणासाठी आणि कोणत्या मापाचं, हे प्रत्येकीने मोबाइलमध्ये लिहून घ्यावं. घरात आधीच असलेल्या लोकरीचे फोटोही काढून ठेवावेत. नेमका तोच शेंदरी रंग कपाटात पडून असतो आणि मेळाव्यात तो पुन्हा हातात येतो.

मग सुयांचा हिशेब करावा, आणि इथे जरा थांबायला हवं. आपल्याकडच्या जुन्या सुयांवर ब्रिटिश नंबर असतो. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर, ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकन नंबर उलटे चालतात, तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. नमुना इंटरनेटवरून घेतला असेल तर नंबर सोडा आणि मिलिमीटर बघा, नाहीतर स्वेटरचं माप चुकेल.

वजनापेक्षा लांबी महत्त्वाची. १०० ग्रॅमची लडी फोर प्लायची, म्हणजे बारीक धाग्याची, असेल तर तिच्यात साधारण ४०० मीटर धागा असतो. त्याहून जाड अशा डीके (डबल निटिंग) धाग्याची असेल तर २०० ते २३० मीटरच. म्हणून "स्वेटरला किती ग्रॅम?" असं विचारून भागत नाही. नमुन्यात लिहिलेले मीटर लेबलवरच्या मीटरशी ताडून बघायचे आणि एक लडी जास्तीची घ्यायची. सगळ्या लड्या एकाच डाय लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या, आहेत ना, हेही लेबलवर बघायचं. शेड नंबर तोच असला तरी लॉट बदलला की पाठ आणि बाही वेगळ्या रंगाच्या दिसतात, आणि हे स्वेटर शिवून झाल्यावरच कळतं.

हाटात पोहोचल्यावर लगेच काही घेऊ नये. आधी सगळ्या स्टॉलवरून एक फेरी मारावी. बहुतेक विणकर शाली, स्टोल, गालिचे मांडून बसतात, सूत दर्शनी भागात नसतंच. "दादा, विणायला नुसती लोकर मिळेल का?" असं विचारावं लागतं. सूत दाखवलं तर ते मागाचं आहे की हाताने विणायचं, हेही विचारा. मागाचा धागा घट्ट पिळाचा असतो आणि त्याचं विणकाम कडक होतं.

आता हात लावून बघायचं. लडी गळ्याला, हनुवटीच्या खाली, मिनिटभर घासा. साधारण ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड तंतू त्वचेला टोचतात. मेरिनो मेंढीच्या लोकरीचा तंतू त्याहून बराच बारीक असतो, पश्मिना तर १२ ते १६ मायक्रॉनचा. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि राठ. तिची घोंगडी होते, आसन होतं, पिशवी होते, आणि या वस्तू वर्षानुवर्षं टिकतात. बाळाच्या टोपीला मात्र ती घेऊ नका. बाळासाठी मऊ सुती धागा किंवा मेरिनो बघा.

लोकर म्हणून सांगितलेलं खरंच लोकर आहे का, अशी शंका असेल तर बोटभर धागा मागून घ्या आणि जाळून बघा. हे स्टॉलवर करायचं नाही, घरी बेसिनपाशी, चिमट्यात धरून करायचं. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, ती विस्तव काढला की विझते आणि राख बोटाने चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याचा कडक मणी बनतो. सुती धागा कागदासारखा जळतो. "पश्मिना" म्हणून स्वस्तात मिळणारा माल अ‍ॅक्रिलिकचा आहे का, हे यातून कळतं; पश्मिना आणि साधी लोकर यांतला फरक मात्र कळत नाही.

रंग उजेडात बघावा. एक मैत्रीण स्टॉलवर थांबते, दुसरी विक्रेत्याला विचारून लडी बाहेर उन्हात नेते. ओला पांढरा रुमाल धाग्यावर घासला की रंग सुटतो का तेही कळतं. निळीत रंगवलेल्या धाग्यावर हे करायलाच हवं.

भावाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. गिरणीच्या लोकरीवर घासाघीस करा. हाताने कातलेल्या लोकरीवर करू नका, त्या एका लडीमागे माणसाचे कित्येक तास बसलेले असतात. खर्च आवाक्याबाहेर वाटला तर दोघींनी मिळून मोठी लडी घ्या आणि घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटून घ्या. रोख पैसेही जवळ ठेवा, गर्दीत नेटवर्क जातं.

जायला ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची. मेळाव्याच्या पहिल्या दिवसांत, शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी जावं, माल भरपूर असतो आणि कारागिराला बोलायला वेळ असतो.

घरी आल्यावर लडी तशीच सुईवर घेऊ नये, गुंता होतो. एकीने दोन्ही हातांवर लडी ताणून धरावी, दुसरीने सैलसर गुंडा करावा. घट्ट गुंडाळला तर धागा ताणलेला राहतो आणि धुतल्यावर विणलेलं आटतं. प्रत्येक गुंड्यात लेबल खोचून ठेवा.

ठाण्याच्या दमट हवेत कसरीची भीती असते. नवीन लोकर जुन्या साठ्यात मिसळण्याआधी हवाबंद पिशवीत घालून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पाणी सुटून लोकर ओली होते. पिशवी खोलीच्या तापमानाला आली की उघडा आणि मग लोकर कपाटात ठेवा.