हात बधिर होतोय? पाना सीटला लावा

लोणावळ्याची सायकल राइड करून घरी आलो आणि जर्सीची चेन उजव्या हाताने ओढता येईना. मग जेलचे जाड ग्लोव्हज आणले, पुढच्या महिन्यात हँडलवर गुंडाळायची जाड बार टेप. फरक इतकाच की मुंग्या दहा किलोमीटर उशिरा यायला लागल्या. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ म्हणून आपण हसतो, पण इथे बंब खरंच दुसरीकडे न्यावा लागतो. हातावर भार येतो तो बहुतेकदा सीटमुळे.

आधी कोणती बोटं बधिर होतात ते बघा. करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका असेल, तर अल्नर नस दाबली जातेय. मनगटालगत, करंगळीच्या बाजूला ती दोन छोट्या हाडांमधून तळहातात शिरते, आणि हूडवर, म्हणजे ब्रेकच्या दांडीवरच्या रबरी पकडीवर, आपण नेमके तिथेच रेलतो. (या वाटेला गियॉनचं नाव आहे. 1861 साली तिचं वर्णन करणारा हा फ्रेंच डॉक्टर पुढे नावाजला तो मूत्ररोगांसाठी!) अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मिडियन नस, तेव्हा मनगट मागे वाकतंय का ते तपासा.

आता सीट. सायकल सपाट फरशीवर उभी करा, सीटवर एक जाड पुस्तक ठेवा आणि त्यावर पाणसळ किंवा मोबाइलमधलं लेव्हल ॲप. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि स्वतःला मागे ढकलायचं काम हातांना करावं लागतं. माझं झुकलेलंच होतं, तेही मीच कधीतरी मोठ्या हौशीने झुकवलेलं. सीट समतल करा. तरी भार वाटला तर ती पाच मिलिमीटर मागे सरकवून बघा. आधीच्या जागेवर टेपची खूण करायला विसरू नका, आणि एका वेळी एकच बदल करून दोन-तीन राइड जाऊ द्या. सगळं एकदम हलवलं की कशाने गुण आला ते कळत नाही.

सीट जमल्यावरही हूड गाठायला कोपर ताठ करावं लागत असेल, तर हँडल लांब किंवा फार खाली आहे. 100 मिलिमीटरच्या स्टेमऐवजी (हँडल सायकलला जोडणारा आडवा तुकडा) 90चा लावा, किंवा स्टेमवरचा एखादा स्पेसर, म्हणजे चकती, त्याच्या खाली घेऊन हँडल उचला. हे दुकानात केलेलं बरं. हूड अशा कोनात हवेत की हात आणि मनगट एका रेषेत राहतील.

टायरमधली हवाही बघा. 28 मिमीच्या टायरमध्ये 100 पीएसआय ठासून खराब रस्त्यावर निघालात, तर प्रत्येक खड्डा तळहातात उतरणार. टायरवर लिहिलेला कमाल आकडा हे लक्ष्य नव्हे.

चालवताना पकड सैल, कोपरं किंचित वाकलेली. दर पाच-दहा मिनिटांनी जागा बदला: हूड, वरचा आडवा बार, ड्रॉप (हँडलचा खाली वळलेला भाग). 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तास मिळतात. तेवढा वेळ हात एकाच जागी ठेवून निभत नाही.

उतरल्यावर थोड्या वेळात मुंग्या गेल्या तर ठीक. दुसऱ्या दिवशीही बोट बधिर असेल, किंवा अंगठा आणि तर्जनीत धरलेला कागद सहज निसटत असेल, तर सायकल भिंतीला टेकवा आणि डॉक्टरांना हात दाखवा. ग्लोव्हज न घालता.