जुनिपर बोन्साय घेतलंय? मग आधी ते घराबाहेर काढा

जुनिपरबद्दल एक गोष्ट सगळ्यात आधी डोक्यात पक्की बसवा, हे झाड मेलं तरी काही आठवडे हिरवंच दिसतं. तुळशीला पाणी कमी पडलं की ती दुपारीच मान टाकते, आपण पाणी घालतो, संध्याकाळपर्यंत परत उभी. जुनिपर असलं काहीच सांगत नाही. खाली मुळं वाळून नाहीतर कुजून गेलेली असतात आणि वर पानं आपली तशीच, मग महिन्याभरानं एकदम फिकट पडतात, हात लावला की कुरकुरीत लागतात आणि माणूस म्हणतो अरे कालपर्यंत तर छान होतं! काल काही झालेलंच नसतं, जे झालं ते महिन्यापूर्वी. म्हणून पानांचा रंग बघत बसू नका, माती आणि ऊन बघा.

त्याआधी आपण आणलंय ते जुनिपरच आहे ना हे बघून घ्या. आपल्याकडे मोरपंखीलाही जुनिपर म्हणून खपवतात. मोरपंखीची पानं पंख्यासारखी चपटी, इस्त्री केल्यासारखी एका पातळीत असतात. जुनिपरची एकतर बारीक टोचरी सुयांसारखी असतात नाहीतर खवले एकावर एक चिकटून गोल दोरीसारखी दिसतात, कधीकधी दोन्ही प्रकार एकाच झाडावर. मोरपंखी बरीच सोशिक आहे, त्यामुळे पुढचं सगळं तिला इतकं कडक लागू नाही.

आता मुख्य घोळ. बोन्साय म्हणजे टीपॉयवर ठेवायची वस्तू असं आपल्या डोक्यात बसलंय आणि गिफ्ट देणारेही तेच सांगतात. जुनिपर डोंगरातलं झाड आहे हो, आपल्याच हिमालयात उंचावर जंगली जुनिपर वाढतात, लडाखात त्याला शुक्पा म्हणतात आणि धूप म्हणून जाळतात. असं झाड हॉलमध्ये, पडद्याआड, एसीखाली ठेवलं तर ते साठवलेल्या अन्नावर काही दिवस काढतं आणि संपतं. खिडकीजवळचा उजेडही पुरत नाही. रोज निदान चार-पाच तास थेट ऊन पाहिजे, सकाळचं मिळालं तर उत्तमच. पाहुणे येणार असतील तर एखादी संध्याकाळ आत आणा, रात्री परत बाहेर.

पण बाहेर म्हणजे एप्रिल-मेमध्ये तापलेल्या गच्चीच्या स्लॅबवर नाही. पुण्यात पारा चाळीसला टेकतो तेव्हा त्या उथळ ट्रेमधली माती भाजून निघते आणि वरच्या पानांपेक्षा आधी मुळं जातात. कुंडी लाकडी फळीवर किंवा स्टँडवर उचलून ठेवा, पश्चिमेचं ऊन अडवायला हिरवी शेड नेट लावा. आत्तापर्यंत घरात असलेलं झाड थेट दुपारच्या उन्हात ढकलू नका, आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या उन्हात, असं हळूहळू.

पाणी. "किती दिवसांनी घालू?" हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण मे महिन्यात लहान ट्रेला दिवसातून दोनदा लागू शकतं आणि जुलैत आठवडाभर एकदाही नाही. मातीत बोट घाला, वरचा अर्धा-एक इंच कोरडा लागला की घाला, ओलसर असेल तर थांबा. उथळ ट्रेत बोट नीट जात नसेल तर पनीर टिक्क्याची ती बांबूची काडी असते ना, ती खोडापासून जरा लांब खोचून दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढल्यावर काळपट ओली आली तर आज सुट्टी. आणि घालाल तेव्हा नीट घाला, चमच्या-चमच्यानं नको, फवारा मारून तर अजिबातच नको (फवाऱ्यानं पानं ओली होतात, मुळं कोरडीच), झारीनं खालच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत. माती एकदा ठणठणीत वाळली की पाणी वरून घसरून कडेनं निघून जातं आणि आपल्याला वाटतं भिजली, अशा वेळी अख्खी कुंडी पाण्याच्या टबात बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची. विकतच्या बोन्सायवर बऱ्याचदा वरून गोटे गोंदानं चिकटवलेले असतात, ते पहिल्या दिवशीच उखडून टाका. खाली माती कशी आहे ते दिसतच नाही त्यामुळे. कुंडीला भोक आहे का तेही बघा, नसलेल्याही विकतात, खरंच.

खाली बशी ठेवायची सवय सोडा, मुळं पाण्यात बसली की मूळकूज ठरलेली. आणि इथेच मातीचा विषय येतो. आपली नेहमीची रेसिपी, लाल माती, शेणखत, वरून कोकोपीट, गुलाबाला ठीक आहे, जुनिपरला ती पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात वीट होते. त्याला खडबडीत, हवा खेळणारं मिश्रण लागतं. जपानची अकादामा, म्हणजे बोन्सायसाठीची दाणेदार माती, महाग पडते, तिच्यावाचून काही अडत नाही, विटांचे बारीक तुकडे, प्युमिस (ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड) मिळालं तर ते, जाड रेती आणि थोडंसं चाळलेलं कंपोस्ट, दाणा साधारण ३ ते ५ मिलिमीटर, आणि खालची धूळ चाळून फेकून द्यायची. हे चाळणं कंटाळवाणं आहे पण अर्धं काम त्यातच आहे. मिश्रण असं असेल तर पाऊस झाड आरामात सोसतं. नसेल, आणि मुंबई-कोकणातली सलग झड लागली, तर पत्र्याखाली उजेडात सरकवा किंवा कुंडीच्या एका बाजूखाली लाकडाचा तुकडा घालून ती तिरकी करा, जास्तीचं पाणी निघून जातं.

आता हे वाचून लगेच रीपॉटिंगला, म्हणजे माती-कुंडी बदलायला, बसू नका. नवीन आणलेलं झाड, त्याच दिवशी मुळं धुतली, छाटणी केली, आकार द्यायला फांद्यांना वायर गुंडाळली, असं एका रविवारात सगळं उरकलेलं झाड सहसा वाचत नाही. एका हंगामात एकच त्रास द्या. रीपॉटिंग थंडी संपताना, फेब्रुवारीच्या आसपास, कडक उन्हाळ्यात कधीच नाही. मुळांची सगळी माती धुवून काढायची नाही, एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं कापायची नाहीत, नंतर दोन-तीन आठवडे सावलीत ठेवायचं आणि तोपर्यंत खत बंद.

छाटणीत एक नियम कायम लक्षात ठेवा, फांदीवर थोडं तरी हिरवं राहिलंच पाहिजे. वडाची फांदी पार बोडकी केली तरी फुटते, जुनिपरची फुटत नाही, ती फांदी गेली. नखानं शेंडे खुडायची हौसही आवरा, टोकं तपकिरी पडतात, आणि या झाडाची ताकद पानांतच असते, कात्रीनं लांब गेलेलं तेवढंच कापा. आतली सावलीतली जुनी पानं तपकिरी होऊन गळतात, त्याला घाबरू नका, ती झाडून काढा म्हणजे हवा खेळते. वायर लावली असेल तर अधूनमधून बघत राहा, सालीत रुतायला लागली की कटरनं तुकडे करून काढा, उलटी सोडवत बसलात तर फांदी मोडते.

उन्हाळ्यात पानं धुळकट, निस्तेज दिसायला लागली तर लाल कोळी असू शकतो. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, ठिपके चालायला लागले तर तोच. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं पानं खालून धुवा, मग संध्याकाळी नीम ऑइल, दर आठवड्याला.

खरं सांगायचं तर मुंबईत, ठाण्यात राहणाऱ्यानं पहिलं बोन्साय म्हणून जुनिपर घेऊच नये असं माझं मत आहे, त्याला थोडी थंडी लागते आणि ती तिकडे पडत नाही. पुणे, नाशिक, पाचगणी बरं. फायकस किंवा जेडवर हात बसवा आधी. अमेरिकेत असाल तर अडचण उलटी, बर्फ पडला म्हणून झाड हीटरच्या घरात आणतात आणि तिथेच ते मरतं. बाहेरच राहू द्या, फक्त कुंडी मल्चमध्ये (झाडाच्या सालीचे तुकडे, वाळका पाला) पुरा आणि वाऱ्यापासून वाचवा.

आणि झाड जिवंत आहे की नाही अशी शंका असेल तर बारीक फांदीची साल नखानं किंचित खरवडा. आत ओलसर हिरवं असेल तर जीव आहे, सावलीत ठेवा, पाणी बेतानं, खत नाही, बाकी काही करू नका. तपकिरी-कोरडं असेल तर जाड फांदीवर, मग खोडावर बघा. तिथेही कोरडं असेल तर रोज पाणी घालून उपयोग नाही, कुंडी धुवून ठेवा आणि फेब्रुवारीत नर्सरीतून पिशवीतलं साधं रोप आणा, शोभेच्या बोन्सायपेक्षा ते स्वस्तही पडतं आणि मुळंही धड असतात.