बाष्पपात्रातलं पाणी कबुतरं प्यायली
जैसलमेरजवळच्या बोरीच्या बागेत बागेला किती पाणी द्यायचं ते ठरवायला मी ‘क्लास ए’ बाष्पपात्र, म्हणजे रोज किती पाणी वाफ होऊन उडतं ते मोजायचं उघडं पात्र, मांडलं होतं. 120.7 सेंमी व्यासाचं, लाकडी चौकटीवर. मे महिन्यात रोजचा आकडा 20 मिमीच्या वर! एवढं पाणी आणायचं कुठून? एका पहाटे बघतो तर काठावर कबुतरांची रांग, पाण्यावर पिसं तरंगतायत. जाळी टाकली. तिच्याने बाष्पीभवन 10 टक्क्यांपर्यंत घटतं, तेही हिशोबात धरलं. आकडा 16 वर आला.

खरा घोळ मात्र माझाच. पात्राच्या आकड्यावरून पाण्याची मूळ गरज काढताना सवयीने सरसकट 0.7 या गुणांकाने गुणत होतो. भोवती दूरवर कोरडी पडीक जमीन, हवेत ओल नाही, वर वारा. अशा जागी गुणांक 0.5 च्या आसपासच धरावा लागतो. म्हणजे मूळ गरज 8 मिमी, त्यावर बोरीचा पीक-गुणांक (त्या पिकाला मूळ गरजेच्या किती पट पाणी लागतं तो आकडा) वेगळा. कबुतरांसाठी आता बाजूला परळ ठेवलाय.