वयाने मोठी, वजनाने लहान: कालवडीची वाढ मोजताना या चुका टाळा

मेच्या शेवटी शेजारच्या वस्तीवरचे आप्पा सकाळी सकाळी आले. "वीस महिन्यांची झाली बघ, अजून माजावर येईना. डॉक्टरांना सांगून एखादं इंजेक्शन टोचू का?" होल्स्टिन संकरित कालवड. मी शिंप्याची टेप घेऊन गेलो. छातीचा घेर भरला ५५ इंच, लांबी ४८. हिशेब केला तर वजन २२० किलोच्या आसपास. आप्पांचा विश्वास बसेना. "अरे, पोट बघ की केवढं आहे!"

तेच तर. पोट तेवढं वीस महिन्यांचं होतं, बाकीची कालवड वर्ष-सव्वा वर्षाची.

सांगोला-मंगळवेढा पट्ट्यात गोठ्यामागं एक तरी असं जनावर सापडतं. रोग काही नसतो. वय मोजलं जातं, वजन मोजलं जात नाही, एवढंच.

महिने मोजून गाभण करायची घाई

कालवड माजावर येते ती वजनावर. प्रौढ वजनाच्या साठ-पासष्ट टक्के भरली की ती भरवायला, म्हणजे रेतन करायला, तयार. संकरित होल्स्टिनमध्ये हा आकडा २५० ते २७५ किलोचा धरतात. नीट वाढलेली कालवड तो पंधरा ते अठरा महिन्यांत गाठते. आप्पांच्याच कालवडीचा हिशेब घ्या. जन्मताना ३० किलो, रोज ४५० ग्रॅम वाढ धरली तर ६०० दिवसांत ३०० किलो व्हायला हवी होती. झाली २२०. म्हणजे रोजची वाढ जेमतेम सव्वातीनशे ग्रॅम. इंजेक्शनने हे ८० किलो भरून निघत नाहीत. जबरदस्तीने माज आणला आणि गाभण राहिलीच, तर विताना लहान कमरेतून वासरू अडतं.

उलट खिलारला हा हिशेब लावू नका. खिलार सावकाश वाढणारी, कामाची जात. पहिलं वेत चार वर्षांच्या आसपास आलं म्हणून ती मागं पडली असं होत नाही. आदत (पक्के दात न आलेलं) खोंड शेजाऱ्याच्या संकरित गोऱ्ह्यापेक्षा हडकुळं दिसतं, म्हणून त्याला पेंडीचा मारा करणारे मी पाहिलेत. चरबी चढते, चाल जाते.

टेप चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी

सूत्र सोपं आहे: घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. मापं इंचात, उत्तर किलोत. घेर मोजायचा पुढच्या पायांच्या लगेच मागे, कोपराजवळून. वशिंडावरून टेप गेली की आकडा फुगतो. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या मुळाजवळच्या टोकदार हाडापर्यंत, मानेपासून नव्हे. जनावर सपाट जागेवर, चारही पाय सरळ, मान ना वर ना खाली. घेराचा वर्ग होतो, म्हणून तिथली चूक दुप्पट महागात पडते: ५५ ऐवजी ५७ वाचलं की कालवड बसल्या जागी १६ किलोने वाढली.

वेळही तीच ठेवा. सकाळी, वैरण-पाण्याआधी. मोठं जनावर उन्हाळ्यात एका दमात वीस-तीस लिटर पाणी ओढतं, आणि लिटरमागे किलो. संध्याकाळी पाणी पिऊन आलेलं वजन आणि पहाटेचं वजन शेजारी ठेवून "औषध लागू पडलं" म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक.

काहीजण उसाच्या वजनकाट्यावर जनावर नेतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी तो काटा ठीक, पण आकडा पाच-दहा किलोच्या टप्प्याने सरकतो आणि वासराची अख्ख्या महिन्याची वाढच बारा-पंधरा किलो. (काट्यांवरच्या विश्वासाबद्दल ऊसवाल्यांना मी वेगळं काय सांगू!) एकाच माणसाने, एकाच टेपने, महिन्यातून एकदा मापलेलं बरं. सूत्राचा आकडा पाच-दहा किलो इकडेतिकडे होईलही. आपल्याला बघायची असते महिन्यामागची चढ.

सुटलेलं पोट म्हणजे तब्येत नव्हे

ज्वारीचा कडबा हे आपल्या भागाचं वैभव. मालदांडीचा कडबा असला की गोठा निर्धास्त, असं आपण मानतो. पोट भरायला तो उत्तम, पण प्रथिनं त्यात तीन-चार टक्केच. वाढत्या कालवडीच्या एकूण आहारात बारा-चौदा टक्के लागतात. मग ती जास्त कडबा खाऊन कमी भरून काढायला बघते, पोट लोंबतं, पाठीचा कणा वर येतो. उसाच्या वाढ्याचंही (शेंड्याकडच्या हिरव्या पाल्याचंही) तसंच. टंचाईत वाढ्याने जनावरं जगतात हे खरं, पण नुसत्या वाढ्यावर वाढत नाहीत. शिवाय त्यातलं ऑक्झलेट शरीरातला चुना (कॅल्शियम) बांधून ठेवतं, आणि हाड तर याच वयात बनत असतं.

वाढीचा क्रम आधी हाड, मग मांस, शेवटी चरबी असा आहे. म्हणून पोट बघू नका, हात फिरवा. बरगड्यांवर तळवा ठेवून हलकं दाबल्यावर बरगडी लागली पण दिसली नाही, तर ठीक. लांबूनच मोजता आल्या तर उपाशी. दाबूनही सापडल्या नाहीत तर जास्त चढली, आणि तेही वाईटच: माजावर येण्याआधी कालवड फार चरबीवर गेली की कासेत दुधाच्या पेशींऐवजी चरबी भरते आणि पुढं दूध कमी निघतं.

लहान वासराचं पोट सुटलं असेल तर आधी जंत आठवा. पहिला डोस दहा-पंधरा दिवसांनी, पुढे सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, डॉक्टरांना विचारून. इथंही टेप उपयोगी पडते, कारण औषधाची मात्रा वजनावर असते. अंदाजे दिलेला कमी डोस जंत मारत नाही, सरावून सोडतो.

पहिल्या तीन महिन्यांत पैसे वाचवायला जाणं

चीक पहिल्या तास-दोन तासांत पोटात गेला पाहिजे. वार पडेपर्यंत थांबायची जुनी रीत सोडा. आतड्यांतून रोगप्रतिकारक घटक रक्तात जायची वाट चोवीस तासांत बंद होते. दुसऱ्या आठवड्यापासून थोडा भरडा (जाडसर दळलेलं धान्य) आणि स्वच्छ पाणी समोर हवं. जन्मताना चार पोटांपैकी दूध पचवणारं चौथं पोट मोठं असतं, वैरण आंबवणारं पहिलं कोठीपोट नावालाच. ते दाण्याच्या आंबवणीतून वाढतं, नुसत्या दुधाने नाही. "दूध मिळतंय, भरडा कशाला" म्हणून वाचवलेले पैसे अठराव्या महिन्यात वसूल होतात, व्याजासकट.

उन्हाळ्यातली थांबलेली वाढ

सोलापुरात पारा चाळीशी ओलांडतो, संकरित जनावर धापा टाकतं, खाणं कमी करतं. त्यात पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी उन्हात. दुपारी त्यात हात घालून बघा, मग जनावर तोंड का फिरवतं ते कळेल. टाकी सावलीत घ्या, वैरण पहाटे आणि रात्री टाका. मोठ्या जनावराची अशी थांबलेली वाढ पावसाळ्यात चाऱ्यावर बरीच भरून निघते. तान्ह्या वासराची तेवढी निघत नाही.

आणि पहिलारू गाय. ती स्वतः अजून वाढत असते, सहा दाती होऊन जुळेपर्यंत, म्हणजे समोरचे आठही पक्के दात येईपर्यंत. दूध देते म्हणून दुधापुरतीच पेंड टाकली तर ती स्वतःच्या अंगातून भरते आणि दुसरं वेत लांबतं.

आप्पांच्या कालवडीला आम्ही कडबा दोन-अडीच किलोवर आणला, कुट्टी करून. हिरवा मका आणि लसूणघास मिळून दहा-बारा किलो, गोळी पेंड दीड-दोन किलो, खनिज मिश्रण २५ ग्रॅम. हा बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू केला. एकदम पेंड वाढवली की पोट फुगतं. डॉक्टरांनी तपासून जंताचं औषध दिलं. आप्पांनी गव्हाणीच्या खांबावर दर महिन्याचा घेर खडूने लिहायला घेतला: ५५, ५६, साडेसत्तावन्न, ५९. ऑगस्ट संपताना लांबी ५० भरली, म्हणजे वजन २६४ किलो. त्याच आठवड्यात पहाटे आप्पांचा फोन आला, आणि मागून कालवडीचं माजाचं हंबरणं मलाही ऐकू येत होतं.