रंगवलेली पोर्सेलिनची दौत विकत घेण्याआधी

जुनी युरोपियन पोर्सेलिनची वस्तू हातात आली की आपण ती लगेच उलटी करतो आणि बुडावरची खूण शोधतो. एकमेकींना छेदणाऱ्या निळ्या तलवारी दिसल्या की जर्मनीतलं माइसन, गुंफलेली दोन 'एल' अक्षरं दिसली की फ्रान्सचं सेव्र. हाताने रंगवलेल्या दौती, कलमदानं, वाळूदाण्या गोळा करायच्या असतील तर ही सवय आधी मोडायला हवी. खूण सगळ्यात शेवटी बघायची. नक्कल करणाऱ्याला सगळ्यात सोपी तीच असते.

१. वस्तू काय काम करायची ते ओळखा

लिहिण्याच्या टेबलावरच्या वस्तू कामाप्रमाणे बदलत गेल्या, म्हणून त्यांच्या रचनेवरून वय कळतं. पिसाच्या लेखणीच्या काळातल्या कलमदानात दौतीशेजारी एक वाळूदाणी असे. ओल्या अक्षरांवर वाळू शिंपडायची आणि उरलेली परत डबीत ओतायची. आपल्याकडेही बोरूने लिहिलेला कागद वाळू टाकूनच सुकवत. चामड्याच्या कागदावर शाई फुटू नये म्हणून समुद्रफेनाची (कटलफिशच्या कवचाची) किंवा डिंकाची पूडही वापरत.

वाळूदाणीचं भोकांचं तोंड बहुधा बशीसारखं खोलगट असतं, म्हणजे कागदावरची वाळू त्यात सहज ओतता येते. हे लक्षात ठेवा, कारण बाजारात ती सर्रास मिरपूडदाणी म्हणून विकली जाते. मिरपूडदाणीचं तोंड घुमटासारखं फुगीर असतं.

एकोणिसाव्या शतकात टीपकागद रुळला आणि वाळूदाणी गेली. तिच्या जागी दुसरी दौत आली, एक काळ्या शाईची, एक लाल. पोलादी निब स्वस्त झाल्यावर पिसं उभी ठेवायची भोकं कमी होऊन टाक आडवा ठेवायची पन्हाळ आली. तिकिटांचा कप्पा असलेलं कलमदान १८४० च्या आधीचं असूच शकत नाही, कारण डाकेचं चिकटवायचं तिकीट इंग्लंडमध्ये त्याच वर्षी निघालं. विक्रेता अशा वस्तूला अठराव्या शतकातली म्हणत असेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा.

या कामातून काय सुंदर गोष्ट घडू शकते ते बघायचं असेल तर लंडनच्या वॉलेस कलेक्शनमधलं १७५८ चं सेव्र कलमदान बघा. त्यात दोन गोल आहेत, एक पृथ्वीचा आणि एक आकाशाचा. आकाशाच्या गोलाला ताऱ्यांच्या जागी भोकं आहेत आणि त्यातून वाळू पडायची. मला अजून तरी वाळूदाणीची याहून चांगली कल्पना दिसलेली नाही.

२. माती तपासा

पातळ भाग मोबाइलच्या टॉर्चवर धरा. पोर्सेलिनमधून प्रकाश आरपार येतो, साध्या भाजक्या मातीच्या वस्तूतून येत नाही. मग एखादा जुना टवका शोधा. बुडाच्या कडेला बहुतेक वेळा तो असतोच. माइसनसारख्या कडक पोर्सेलिनचा टवका काचेसारखा, शिंपल्याच्या आकाराचा उडतो. सुरुवातीच्या सेव्रसारख्या मऊ पोर्सेलिनचा टवका साखरेसारखा रवाळ दिसतो आणि त्यावरचे रंग झिलईत किंचित मुरलेले असतात.

आता नखाने हलकेच टिचकी मारा. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे. डागडुजी मात्र आवाजावरून नेहमी कळत नाही. त्यासाठी अतिनील टॉर्च जवळ ठेवा. अंधारात आधुनिक गोंद आणि वरून मारलेला रंग मूळ झिलईपेक्षा वेगळा चमकतो. झाकणाची कड, नळ्या, फुलांच्या पाकळ्या आणि आकृत्यांची बोटं आधी बघा, कारण मोडतं ते तिथेच.

झाकण मूळचं आहे का, हा प्रश्न दौतीच्या बाबतीत फार महत्त्वाचा. पांढऱ्या रंगाची छटा दोन्हीकडे सारखी आहे का, ते दिवसाच्या उजेडात बघा. माझ्या पहिल्याच खरेदीत झाकण किंचित निळसर आणि दौत दुधी होती, आणि दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली मला ते दिसलं नव्हतं. दोन्ही जुनी, पण एकमेकांची नव्हती.

३. चित्र भिंगाखाली धरा

दहापट भिंग पुरे. हाताने रंगवलेल्या पाकळीत कुंचल्याचा प्रवास दिसतो. सुरुवातीला पातळ, शेवटी रंग साठलेला. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती छपाई. मधला प्रकारही खूप सापडतो. रेघ छापील आणि आतला रंग हाताने भरलेला. तो वाईट नाही, फक्त त्याला हाताने रंगवलेलं म्हणून पैसे मोजू नका.

माइसनच्या कामात इकडेतिकडे विखुरलेली छोटी फुलं आणि किडे दिसतात. शोभेसाठी ते असतातच, पण भट्टीत पडलेला काळा ठिपका किंवा खड्डा झाकायलाही चित्रकार तिथे एखादी माशी काढत. भिंग लावून माशीच्या पंखाखालचा तो ठिपका सापडला की त्या कारागिराच्या शेजारी बसल्यासारखं वाटतं.

सोन्याकडेही लक्ष द्या. अठराव्या शतकातलं सोनं जाडसर, मऊ झळाळीचं असतं. आरशासारखं चकचकीत पातळ सोनं माइसनमध्ये १८३० च्या सुमारास आलं, त्याआधीच्या वस्तूवर ते असेल तर शंका घ्या.

४. आता खूण

माइसनच्या तलवारी झिलईखाली असतात, त्यामुळे त्यावरून बोट फिरवलं तर काही लागत नाही. तलवारींवर आडवी खरवड असेल तर ती वस्तू दुय्यम प्रतीची म्हणून किंवा न रंगवता विकलेली, म्हणजे चित्र कारखान्याबाहेर काढलेलं असू शकतं. सेव्रमध्ये १७५३ पासून दोन 'एल'च्या मध्ये वर्षाचं अक्षर येतं, पण नेमकी हीच खूण एकोणिसाव्या शतकात सर्वाधिक नकलली गेली. कारखान्याने विकून टाकलेली पांढरी भांडी बाहेर रंगवून जुनी म्हणून खपवली जात. पॅरिसच्या सॅमसन या १८४५ मध्ये सुरू झालेल्या कारखान्याने तर माइसन, सेव्र, चिनी अशा सगळ्यांच्या नकला केल्या. आज त्यांनाही संग्राहक आहेत, पण सॅमसनच्या भावात.

देशाचं नाव छापलेलं असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण तेव्हापासून अमेरिकेने आयात मालावर ते सक्तीचं केलं. 'मेड इन' असेल तर साधारण विसावं शतक धरा.

५. घरी आणल्यावर

प्लॅस्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, कोमट पाणी आणि सौम्य साबण घ्या. चीर असलेली किंवा पितळी जोड असलेली वस्तू पाण्यात बुडवू नका, कोकणातल्या पावसाळ्यात तर अडकलेली ओल महिनोन्महिने जात नाही. ब्लीच अजिबात नको. आतला शाईचा डाग काढू नका, ती दौत खरोखर वापरली गेल्याचा पुरावा आहे. झाकणाला धरून वस्तू उचलू नका. फोटो, मापं आणि बिल एका वहीत ठेवा.

नजर तयार करायला हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातलं युरोपियन पोर्सेलिन उत्तम, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातला टाटा संग्रह. चोर बाजारात त्यानंतर जा.

आणि परदेशी राहणाऱ्या मुलाला आजोबांचं कलमदान द्यायचं असेल तर एक गोष्ट आधी तपासा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर किंवा त्याहून अधिक वर्षं जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू त्याहून नवी असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्या आणि ते बॅगेत वर ठेवा.