होडीचं बूड साफ करताना या चुका टाळा

मे संपता संपता किनाऱ्यावर होड्या चढायला लागतात. १ जून ते ३१ जुलै इंजिनाच्या होड्यांना मासेमारी बंद, म्हणून त्याआधीचं उधाण साधून होडी वर ओढायची, टेकू लावायचे, जाळी उतरवायची, इंजिन सोडवायचं. या धांदलीत बुडाकडे कुणाचं लक्ष नसतं. ‘पाऊस लागू दे, मग निवांत घासू’ म्हणत वर झाप नाहीतर ताडपत्री पडते. सगळ्यात महागात जाणारी चूक हीच, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहितो.

बुडाला काय काय चिकटलेलं असतं ते बघा. सगळ्यात खाली बुळबुळीत थर, त्यावर हिरवं शेवाळ, आणि मध्येमध्ये बार्नेकल. खडपांवर अनवाणी चालताना पाय कापणारे पांढरे टोकदार शंकू, तेच हे. दिसतात शिंपल्यासारखे, पण कूळ खेकडा-कोळंबीचं. त्यांचं पिल्लू पाण्यातून वाहत येतं, पृष्ठभाग चाचपून बघतं, जागा पसंत पडली की डोकं टेकवून स्वतःला तिथे चिकटवून घेतं आणि भोवती चुन्याचं घर बांधतं. होडी नुकतीच पाण्याबाहेर आलेली असते तेव्हा शेवाळ लुसलुशीत असतं, बुळबुळीत थर हाताने पुसला जातो, बार्नेकलही लाकडी पटाशीच्या एका रेट्याला सुटतात. मे महिन्याच्या उन्हात दोन दिवस गेले की तोच थर वाळून खळीसारखा कडक होतो आणि मग तो काढायला लोखंड हातात घ्यावं लागतं. पुढचे निम्मे घोटाळे या लोखंडाने होतात.

म्हणून होडी ओढायची वेळ ठरवताना घासायची माणसंही त्याच भरतीला बोलवा. पाणी उतरायला लागलं की कमरेएवढ्या पाण्यात असतानाच काथ्याचे ब्रश आणि नारळाची सोडणं घेऊन सुरुवात करायची. त्या दिवशी जमणारच नसेल तर गोणपाट ओलं करून बुडाला लावा आणि दर दोन-तीन तासांनी पाणी मारा. खारं पाणी चालेल, पण सुकू देऊ नका.

मी पहिली फायबरची होडी घेतली त्या वर्षी तिला आठ दिवस तशीच उन्हात ठेवली होती. मग सुताराची पटाशी घेऊन दोन दिवस खरवडत बसलो. बूड स्वच्छ झालं, पण जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत थरावर, बोटाला लागतील अशा रेघा उठल्या. पुढच्या वर्षी होडी वर काढली तेव्हा बार्नेकल त्याच रेघांमध्ये ओळीने बसलेले होते. याचं कारण मला नंतर कळलं. बार्नेकलच्या पिल्लाला गुळगुळीत जागेपेक्षा खाच, भेग, खळगा जास्त पसंत असतो. तिथे पाण्याचा झोत कमी लागतो. म्हणजे घासताना पाडलेला प्रत्येक ओरखडा हे पुढच्या वर्षीच्या बार्नेकलला दिलेलं आमंत्रणच.

फायबरच्या होडीवरचा जेलकोट जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो. तो गेला की आतल्या काचेच्या धाग्यांपर्यंत पाणी पोचतं आणि पुढे फोड येतात. त्यामुळे फायबरला लोखंडी पत्रा, कोयता किंवा तारेचा ब्रश लावूच नका. प्लास्टिकची किंवा लाकडाची पटाशी घ्या, ती बुडाला जवळजवळ आडवी धरा आणि बार्नेकलच्या मुळाशी रेटा. वरून ठोकलं तर शंकू फुटतो आणि खालची गोल चकती तशीच राहते.

ही चकती फार लोकांना फसवते. चुन्याची असते, पांढरी असते, लांबून रंगाचा ठिपका वाटते. तिच्यावर रंग मारला तर तो चकतीला धरतो, होडीला नाही, आणि पहिल्या महिन्यात चकतीसकट पापुद्रा निघतो. चकत्यांवर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं लावून ठेवा, वर प्लास्टिक चिकटवा म्हणजे ते सुकणार नाही. अर्ध्या-एक तासाने चुना भुसभुशीत होतो. मग प्लास्टिकच्या पटाशीने काढा, राहिलेलं बारीक पॉलिश पेपरने पाणी लावून घासा. वेळ लागतो, मान्य आहे. पण ही पायरी गाळून चांगला रंग निघालेला मी पाहिलेला नाही.

इथेच लोक फरशी धुण्याचं ॲसिड आणतात. म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. चुना त्याने लगेच विरघळतो, फेस येतो, काम झाल्यासारखं वाटतं. पण ते जेलकोटची चकाकी घालवतं, स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडतं, ॲल्युमिनियम खातं आणि लाकडाचे धागे सैल करतं. होडी खालून धुताना ते तोंडावर ठिबकतं ते वेगळंच. आणि एक गोष्ट कामावरच्या प्रत्येक पोराला सांगून ठेवा: ॲसिड आणि ब्लीच एकत्र येता कामा नयेत. बुरशीचे काळे डाग काढायला आधी ब्लीच मारलं आणि ते धुवायच्या आत त्यावर ॲसिड ओतलं, तर क्लोरीन वायू सुटतो. ताडपत्रीखाली वारा नसतो. तिथे हा वायू छातीत गेला तर माणूस दगावू शकतो.

डाग म्हणजे चिकटलेली वाढ नव्हे. हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांना एकच औषध लावणं ही पुढची चूक. पाण्याच्या रेघेला लागून जो पिवळट-तपकिरी पट्टा येतो, तो खाडीतल्या पाण्याचा असतो. कुजलेला पाला, कांदळवनातला गाळ, पाण्यातलं लोह यांचा रंग जेलकोटच्या सूक्ष्म छिद्रांत बसतो. साबणाने कितीही घासा, तो हलत नाही. मग लोक जोर वाढवतात आणि जेलकोट झिजवतात. याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. फरशी पॉलिश करणारे वापरतात तीच पांढरी पूड, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम घाला. बाजूंवरून ओघळू नये म्हणून मी त्यात मैद्याची गार झालेली खळ मिसळतो. ब्रशने लावायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, सुकू द्यायचं नाही आणि भरपूर पाण्याने धुवायचं. पट्टा डोळ्यांदेखत फिका होत जातो. मात्र ही पूड विषारी आहे. हातमोजे, चष्मा आणि पूड कालवताना नाकाला मास्क हवाच. स्वयंपाकघरातलं भांडं यासाठी कधीही वापरू नका.

गंजाचे नारिंगी ओघळही ऑक्झॅलिकने जातात. पण ओघळ सुरू कुठून होतो ते शोधलं नाही तर महिन्याभरात तो परत दिसेल. बहुतेक वेळा वर एखादा साधा लोखंडी बोल्ट बसवलेला सापडतो. डिझेलच्या काजळीवर ॲसिड लावून उपयोग नाही, तेलकट थराखाली ते पोचतच नाही. आधी साबणाने तेल काढा, मग डागाकडे वळा. आणि सगळं धुऊन वाळल्यावर होडी पांढुरकी दिसली, बोट फिरवलं की खडूसारखी पूड लागली, तर तो डाग नाही. उन्हाने जेलकोट मेलाय. तिथे रबिंग कंपाउंड आणि नंतर मेण, एवढाच उपाय.

लाकडी होडीचं दुखणं निराळं. तिथे बार्नेकल दिसतात म्हणून आपण त्यांच्यामागे लागतो, आणि खरा शत्रू दिसत नाही. तेरेडो हा खरं तर शिंपल्याच्याच जातीचा, पण अळीसारखा लांब झालेला जीव. पिल्लू असताना तो टाचणीच्या डोक्याएवढं भोक पाडून लाकडात शिरतो आणि आयुष्यभर आतल्या आत बोगदा कोरत मोठा होतो. बाहेरून फळी धडधाकट, आतून चाळण. कोलंबसाच्या चौथ्या सफरीत या किड्यांनी जहाजं इतकी पोखरली की १५०३ मध्ये त्याला ती जमैकाच्या किनाऱ्याला लावावी लागली. तो पुढे वर्षभर तिथेच अडकून पडला.

या किड्याला आत शिरायला उघडं लाकूड लागतं. जोशात खरवडताना जिथे जिथे रंग उडून कोरं लाकूड दिसायला लागतं, तिथे तुम्ही त्याला दार उघडून देता. म्हणून घासून झाल्यावर हात फिरवत सगळं बूड तपासा, पठाणाचा, म्हणजे होडीच्या बुडातल्या कण्याचा, खालचा भाग तर नक्कीच. वाळूत टेकल्यामुळे तो नेहमी सुटतो. लाकडी मोगरीने ठोकत चला. भरीव लाकूड आणि पोखरलेलं लाकूड यांचा आवाज कानाला लगेच कळतो. पूर्वीची माणसं मुशीचं तेल, उंडीचं तेल, राळ असं काही ना काही वर्षातून अनेकदा चोपडत ते यासाठीच. तेलाचा थर टिकतो थोडे दिवस, पण त्यांनी लाकूड कधी कोरं ठेवलं नाही.

‘होडी खाडीत वर गोड्या पाण्यात नेऊन ठेव, सगळं आपोआप मरतं’ हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शेवाळ मरतं. बार्नेकल मात्र झाकण मिटून काही दिवस तग धरतो, आणि मेला तरी त्याचं घर चिकटलेलंच राहतं. तेरेडोही बोगद्याच्या तोंडाला बूच लावून आत बसतो. दोन-चार दिवसांच्या मुक्कामाने त्याचं काही बिघडत नाही.

लाकडी होडीवर प्रेशर वॉशर चालवणाऱ्यांना कळकळीने सांगतो, सांध्यांपासून दूर राहा. जोराचा झोत फळ्यांमध्ये ठासलेला कापूस उपसून काढतो. होडी पाण्यात गेल्यावर गळायला लागते आणि दोष रंगाला दिला जातो.

आता रंग. शेवाळ-बार्नेकल धरू नयेत म्हणून मारतात तो अँटिफाउलिंग रंग बहुधा तांब्याच्या ऑक्साइडचा असतो. ॲल्युमिनियमच्या होडीला किंवा आउटबोर्ड इंजिनच्या पायाला तो कधीच लावू नका. खाऱ्या पाण्यात दोन धातू शेजारी आले की कमजोर धातू झिजतो. ब्रिटिश नौदलाने हे १७६१ मध्ये अनुभवलं. ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या बुडाला त्यांनी तांब्याचा पत्रा मारला. किडा लागला नाही, शेवाळ धरलं नाही, पण दोन वर्षांनी पाहिलं तर पत्रा जिथे लोखंडाला भिडला होता तिथले खिळे कुजून गेले होते. ॲल्युमिनियमसाठी वेगळा रंग मिळतो, तोच घ्या. आणि जस्ताच्या वड्यांवर रंगाचा ब्रश फिरवू नका. त्या स्वतः झिजून पंखा आणि शाफ्ट वाचवतात. रंगाखाली झाकल्या तर त्यांचा उपयोग शून्य.

जुना रंग घासताना सुका पॉलिश पेपर वापरला तर तांब्याची धूळ छातीत जाते. पाणी लावून घासा आणि खाली ताडपत्री अंथरा. खरवडलेला रंग ओहोटीबरोबर खाडीत जाऊ देणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. त्याच खाडीत आपल्याच घरच्या बाया कालवं आणि तिसऱ्या काढतात. फ्रान्समध्ये आर्काशॉनच्या उपसागरात ट्रायब्युटाइल टिन या विषारी रसायनाच्या रंगाने कालवांची पैदास बसली, तेव्हा १९८२ मध्ये त्यांना छोट्या होड्यांवर तो रंग बंद करावा लागला. जगभरासाठीचा बंदीचा करार २००८ मध्ये लागू झाला. कुणी जुना डबा ‘एकदम जालीम आहे’ म्हणून देऊ केला तर घेऊ नका.

रंग लावला तरी वाढ झाली, अशी तक्रार असेल तर आधी ती कुठे झाली ते बघा. बूड स्वतःच कारण सांगतं. चौकोनी ठिगळांत बार्नेकल असतील तर तिथे टेकू होते आणि तेवढी जागा रंगवायची राहिली. टेकू एकदा सरकवून ती जागा रंगवायलाच हवी. फक्त पाण्याच्या रेघेवर हिरवी झालर असेल तर रंग खाली थांबला. होडी भरल्यावर किती बसते ते बघून रेघेच्या वर चार बोटं न्या. सुकाणूच्या आणि नाळेच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) कडांवर असेल तर तिथे रंग झिजला, पुढच्या वेळी एक हात जास्त द्या. सगळीकडे सारखीच असेल तर होडी उभी किती दिवस होती ते आठवा. झिजत जाणाऱ्या रंगाला पाण्याचा झोत लागतो, नांगरून ठेवलेल्या होडीवर तो नीट काम करत नाही. आणि मोठे पापुद्रे सुटले असतील तर रंग ओल्यावर मारला होता. जुलैच्या अखेरीस दोन सरींच्या मधे कोरडं दिसतं ते कोरडं नसतं. संध्याकाळी बुडावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवा. सकाळी आतून दव दिसलं तर त्या दिवशी डबा उघडू नका.

पंख्याला, आणि इंजिन थंड करणारं पाणी जिथून ओढलं जातं त्या जाळीला, बहुतेक जण विसरतात. बुडावर चार बार्नेकल असले तर वेग थोडा पडतो. त्या जाळीत चार बसले तर इंजिन तापतं. होडी पाण्यात गेल्यावर तीन आठवड्यांनी, ओहोटीला ती कलती असताना, त्या जाळीत बोट घालून बघा. खरखर लागली तर तेव्हाच काढा, अजून ती नखाने निघते.