तरवडाचं फूल जलरंगात: पिवळ्याची सावली कशी बसवायची

सोलापूरभोवतीच्या माळावर, अक्कलकोट रस्ता असो की नान्नजची बाजू, तरवड वर्षातला बराच काळ फुललेला दिसतो. वनस्पतिचित्रणाच्या सरावाला हे झुडूप उत्तम, कारण भल्याभल्यांना जलरंगात नडतं ते पिवळंच. नान्नजला अभयारण्याच्या हद्दीत मात्र काही तोडू नका; रस्त्याकडेचं झुडूप पुरतं.

फांदी सकाळी लवकर कापा आणि लगेच पाण्याच्या बाटलीत ठेवा. फूल लवकर मलूल होतं, म्हणून आधी फूल, मग कळ्या, पानं सर्वांत शेवटी. कंपासपेटीतल्या डिव्हायडरने मापं घेऊन आहे त्याच आकारात काढा; फूल साधारण ४-५ सेंमी भरतं. पाचही पाकळ्या सारख्या काढू नका, त्या मुळात लहानमोठ्या असतात. पुंकेसर १०: वरचे ३ आखूड आणि वांझ, खालचे सर्वांत लांब. पानात पर्णिकांच्या, म्हणजे दांड्यावरच्या छोट्या पानांच्या, ८ ते १२ जोड्या. दोन पर्णिकांच्या मध्ये दांड्यावर बारीक ग्रंथी असते आणि देठाच्या बुडाशी कानासारखं उपपर्ण. भिंग लावून बघा. हे सुटलं तर चित्र सुंदर होईल, पण तरवडाचं होणार नाही.

कागद हॉट प्रेस्ड (गुळगुळीत), ३०० जीएसएम, शंभर टक्के कॉटन. खरखरीत कागदावर बारीक कडा फाटतात. रेखाटन वेगळ्या कागदावर करून २एच पेन्सिलीने हलकेच उतरवा आणि रंगाआधी पुट्टी रबर (मळता येणारं मऊ खोडरबर) दाबून रेघा फिक्या करा. वॉशखाली, म्हणजे पाणी घालून पसरलेल्या पातळ रंगाच्या थराखाली, अडकलेलं ग्रॅफाइट नंतर खोडता येत नाही आणि पिवळ्यातून ते मळकट दिसतं.

आता खरी अडचण. सावलीसाठी पिवळ्यात काळा घातला की शेवाळी हिरवा होतो. त्याऐवजी अल्ट्रामरीन आणि परमनंट रोझ मिसळून जांभळा करा, त्यात थोडा पिवळा घालून करडा होऊ द्या आणि भरपूर पाणी घालून पाकळीच्या घड्या आधी याच रंगाने घाला. हा थर पूर्ण वाळला की वरून पिवळा पातळ वॉश, ४ नंबरच्या गोल ब्रशने, एकाच फटक्यात. ब्रश मागे-पुढे घासलात तर खालची सावली उठून चिखल होतो. पिवळा पारदर्शकच हवा: ट्यूबवर रिकामा चौकोन असेल तो. कॅडमियम यलो अपारदर्शक, सावली गिळून टाकतो.

एप्रिल-मेमध्ये इथल्या कोरड्या हवेत वॉश अर्ध्यावरच वाळतो आणि पाकळीच्या मधोमध कडक रेघ पडते. पंखा बंद करा, सकाळी दहाच्या आत रंगवा, एका वेळी एकच पाकळी घ्या. पाण्यात ग्लिसरीनचा एखादा थेंब चालतो. जास्त झालं की कागद चिकट राहतो. उलट अर्धवट ओल्या रंगावर पाणचट ब्रश टेकलात तर फुलकोबीसारखा डाग उमटतो. तो तेव्हाच पुसायला जाऊ नका, वाळू द्या, मग ओलसर ब्रशने कडा उचला.

पानांना पिवळा, अल्ट्रामरीन आणि किंचित बर्न्ट सिएना. तयार हिरवा फार भडक पडतो. मधली शीर ओलसर ब्रशने रंग उचलून मोकळी करा. पुंकेसरांचे बारकावे ० नंबरच्या जवळपास कोरड्या ब्रशने.

चपट्या शेंगेसाठी खाली १० सेंमी जागा सोडून ठेवा, शेंगा धरल्यावर ती भरा. कोपऱ्यात ठिकाण, तारीख आणि सेंटीमीटरची मापपट्टी पेन्सिलीने लिहा.